उंच सीटची गाडी

जुन्या गाडीतून कुशाबाईंना बाहेर काढायचं म्हणजे दोघांचं काम होतं. गाडी बुटकी, सीट खोल. बारामतीला डायलिसिस करून अंथुर्ण्याला परत येईस्तोवर त्यांच्या पायांत काही त्राण उरायचं नाही. मग सून राजनंदिनी काखेत हात घालायची आणि नवरा मानसिंगआबा पुढून दोन्ही हात धरून ओढायचे. ओढताना सुया टोचून टोचून फुगलेल्या डाव्या हाताला धक्का लागला की कुशाबाई ओठ दाबून घ्यायच्या.

आठवड्यातून तीनदा ही वारी. गाडी चालवायची राजनंदिनी, कारण आबांना ट्रॅक्टरखेरीज काही चालवता येत नव्हतं आणि तिचा नवरा युवराज नोकरीसाठी चाकणला राहायचा. गळीत हंगामात तर रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. गतिरोधक आला की मागच्या सीटवरून कण्हल्याचा आवाज यायचा, आणि आबा लगेच म्हणायचे, "गाडीच खराब हाय ही. हिच्यामुळंच तुझा जीव असा होतुया."

त्यांनी हे इतक्यांदा म्हटलं की त्यांना ते खरं वाटायला लागलं. डॉक्टर काय सांगतात ते त्यांच्या कानात शिरत नव्हतं. उलटी झाली, गाडीमुळं. चक्कर आली, गाडीमुळं. "उंच गाडी घेऊ," एक दिवस ते म्हणाले. "रोज वापरायला बारकी, पर बसायला उंच. मग बघ कशी बरी व्हतीस ती."

शोरूममधला अद्वय नावाचा मुलगा एका सकाळी ट्रायलची गाडी घेऊन थेट दारात आला. लहानशी एसयूव्ही, पांढरी. तो स्क्रीन दाखवू लागला, छतातली काच उघडून दाखवू लागला. राजनंदिनीनं त्याला थांबवलं. "ते राहू द्या. मागचं दार किती उघडतं ते दाखवा."

दार जवळजवळ काटकोनात उघडलं. कुशाबाई पाठमोऱ्या झाल्या, नुसत्या टेकल्या, आणि पाय आत घेतले. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. आबांचा चेहरा असा उजळला की राजनंदिनीला त्यांच्याकडं बघवेना.

"चालवून बघा ना, मॅडम," अद्वय म्हणाला. "कुठपर्यंत जायचं?"

"वरकुट्याला," मागून कुशाबाई म्हणाल्या. वरकुटे त्यांचं माहेर. "लांबचा रस्ता हाय. गाडी कळंल तरी."

आबा दारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरी थांबले. राजनंदिनीनं गाडी काढली. गियर हलका पडत होता. गतिरोधकावर गाडी उचलली आणि अलगद खाली बसली. मागून आवाज आला नाही. वळणावर मात्र ती थोडी झुलत होती, आणि मागची काच लहान असल्यानं ट्रॉली ओलांडून पुढं गेल्यावर मागचं नीट दिसत नव्हतं. तिनं ते मनात नोंदवून ठेवलं. रोजच्या रस्त्याला चालेल, पण सांभाळून.

वरकुट्यात कुशाबाईंच्या भावजयीनं, बानूबाईंनी, पुढं येऊन ओसरीवर सतरंजी टाकली आणि तांब्याभर पाणी ठेवलं. कुशाबाईंना दिवसभरात घोट-घोट मोजून पाणी मिळायचं. त्यांनी तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. राजनंदिनी पुढं झाली, "आत्या, अवो..." सासूला ती आत्या म्हणायची.

कुशाबाईंनी तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला. अद्वय अंगणात फोनवर बोलत होता, बानूबाई चहाला आत गेल्या होत्या.

"राजू, गाडी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "घ्या. पोरांना शाळंला व्हईल. पर माझ्यासाठी घिऊ नगा."

"म्हंजी?"

"मी आता जानार न्हाय तितं. त्या खाटंवर पडून पडून माझी मीच उरले न्हाय. डाक्टरांना इचारलं मी, ह्यानं बरी व्हनार का. न्हाय म्हनले ते. नुसते दिस ढकलायचे हायत."

"आबांना सांगितलं?"

"सांगून बघ तू. माझं ऐकत्यात का?"

राजनंदिनीनं त्याच दिवशी सांगितलं. आबा गाडीच्या माहितीचा कागद हातात धरून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "त्या जुन्या डब्यानं वैतागलीया ती. नवी आली की व्हईल नीट." युवराजनं फोनवर वडलांचीच री ओढली.

गाडी आली. हार घातला, नारळ फोडला. कुशाबाई नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून पुन्हा जाऊ लागल्या. आबा पुढच्या सीटवरून सारखे मागं वळून विचारायचे, "बरं वाटतंय न्हवं?" त्या म्हणायच्या, "व्हय." आणि घरी आल्यावर राजनंदिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसायची, तेव्हा त्या डोळे मिटून घ्यायच्या.

मग एका मंगळवारी दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबली आणि कुशाबाई उतरल्याच नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी दाराच्या वरची मूठ घट्ट धरली होती.

"उतर," आबा म्हणाले.

"न्हाय."

"कुशे, येड्यासारखं करू नगंस. उतर!" आबांनी त्यांचा हात धरला. तोच, डावा. कुशाबाई किंचाळल्या. रिक्षावाले बघायला लागले. आबा घामाघूम झाले होते, रडतही होते, पण हात सोडत नव्हते. "राजनंदिनी, बघतीस काय? धर तिला त्या अंगानं!"

कुशाबाई सुनेकडं बघत होत्या. 

राजनंदिनी म्हणाली, "आबा, हात सोडा त्यांचा. गाडीत बसा."

"काय म्हनलीस?"

"बसा, न्हायतर मी आत्यांना एकलीला घिऊन जाते."

ते बसले. तिनं गाडी वळवली. भवानीनगरच्या पुढं कुशाबाईंना झोप लागली, आणि आबा घर येईपर्यंत समोरच्या काचेतून बघत राहिले.

त्यानंतर कुशाबाई डायलिसिसला गेल्याच नाहीत. मरण सोपं आलं नाही. पाय सुजले, मग तोंड सुजलं. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून त्या उशांच्या चवडीला टेकून बसून राहायच्या. युवराज रजा टाकून आला, डॉक्टरांना घरी घेऊन आला. तेव्हाही कुशाबाईंनी मान हलवून नाहीच म्हटलं. शेवटच्या दिवशी त्या माणसं ओळखत नव्हत्या. राजनंदिनीला वाटलं, आता उचलून गाडीत घालावं आणि सुसाट न्यावं. ती किल्ली घेऊन दारापर्यंत गेलीही. तिथंच उभी राहिली. ह्यातलं बरोबर काय, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही.

तेराव्याला आबा चार माणसांत म्हणाले, "दवाखान्याच्या दारातनं माघारी आनली हिनं."  युवराजनंही ते खोडून काढलं नाही.

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत आणि गाडीत बसले नाहीत. तिनं वाढलेलं ताट ते जेवायचे, पण लागेल ते नातवाकरवी मागायचे.

उन्हाळ्यात आबांचे डोळे दुखू लागले. राजनंदिनी मुलांना शाळेत सोडायला निघाली होती, तेव्हा ते बारामतीच्या दवाखान्यात जायला एसटीच्या थांब्यावर डोक्याला उपरणं गुंडाळून उभे दिसले. तिनं गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. "आबा, ऊन लई हाय. बारामतीलाच निघालीया मी."

ते दुसरीकडं बघत राहिले. मागं बसलेल्या मुलांनीही हाका मारल्या. तेवढ्यात इंदापूरकडून एसटी आली. आबा गर्दीत शिरले, दांडी धरून एक पाय वर ठेवला, आणि कुणीतरी मागून हात दिला तेव्हा वर चढले.

राजनंदिनीनं एसटीला पुढं जाऊ दिलं आणि गाडी तिच्या मागं घातली. रस्ता मोकळा होता, पण तिनं ओव्हरटेक केलं नाही.