तुडयेकरांचं अवतरण

मंगळवार, दहा मार्च. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी क्रांतीला राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात स्वतःचा निबंध सापडला.

ती आधार कार्डाची प्रत काढायला गेली होती. काउंटरवर स्टेपल मारलेल्या नोट्सचा गठ्ठा होता आणि वरच्या पानावर तिचंच अक्षर. उजव्या कोपऱ्यात ती नाव आणि तारीख लिहायची, तिथं कोरी पट्टी होती. प्रत काढताना नावावर कागद ठेवला होता; त्याची कड काळ्या रेघेसारखी उमटली होती.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

दुकानदार ऋतुराजनं मान वर केली नाही. "उदयसिंह सरांचे आदर्श निबंध. क्लासच्या हाय काय तुम्ही? मग रविवारी मिळंल की. हात नका लावू, क्रम लावलाय."

क्रांतीनं सहा निबंध मोजले. सहाही तिचे होते.

उदयसिंह सर बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी एम.ए. मराठीचा रविवारचा क्लास चालवत. पद्धत ठरलेली होती. दीड तासात एक निबंध लिहायचा, सरांकडे द्यायचा आणि पुढच्या रविवारी लाल शाईच्या शेऱ्यासह परत घ्यायचा. वर्गात बेचाळीस जण, बहुतेक नोकरदार. चंदगडहून आलेली क्रांती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि पहाटे उठून आठवड्याला दोन निबंध जास्तीचे लिहायची. तिला प्राध्यापक होण्यासाठीच्या सेट परीक्षेला बसायचं होतं. त्यासाठी एम.ए.ला पंचावन्न टक्के लागतात, तिचे त्रेपन्नवर अडकले होते. निबंधाच्या पेपरात शंभरपैकी बासष्ट मिळाले तर जमत होतं. सरावात लिहिलेलं तिला पाठ झालं होतं; तीच तिची शिदोरी होती. आता ती बेचाळीस जणांना पाठ होणार होती. परीक्षकापुढं एकाच निबंधाच्या बेचाळीस प्रती पडल्या, तर त्यातली मूळ कोणती हे शोधत तो बसणार नव्हता.

रविवारी तिनं सरांना वर्गाबाहेर गाठलं.

"सर, माझं नाव झाकून माझे निबंध वाटताय तुम्ही."

"तुझे?" सर हसले. "मुद्दे कुणी शिकवले? शेरे कुणी मारले? वर्गात लिहिलं की ते वर्गाचं झालं."

"घरी लिहिलेलेही आहेत त्यात."

"मग अभिमान बाळग की. लोकांच्या उपयोगी पडतीयस. आत जा, घड्याळ लावलंय मी."

ती आत गेली. क्लास सोडता येत नव्हता, कारण अंतर्गत गुणांच्या प्रकल्पावर मार्गदर्शक म्हणून सरांची सही अजून व्हायची होती.

बावीस मार्चला तिनं 'ग्रामीण साहित्यातील बदलते गाव' या विषयावर नऊ पानांचा निबंध दिला. तिसऱ्या पानावर डॉ. म. गो. तुडयेकर या समीक्षकाचं अवतरण होतं: 'गाव बदलत नाही, गावाकडे पाहणारा बदलतो आणि दोष गावाला देतो.' तुडये हे तिच्या आईचं माहेर. डॉ. तुडयेकर नावाचा समीक्षक नव्हता. तो तिनं त्या पहाटे, चहा उकळेपर्यंत तयार केला होता. सरांनी निबंध खरोखर वाचला तर ते विचारतील, न वाचता छापला तर तोंडघशी पडतील, एवढा तिचा हिशेब होता. वर्गातल्या बाकीच्यांचं काय होईल, हा विचार तिच्या मनात आला होता. तिनं तो बाजूला ठेवला.

एकोणतीस तारखेला निबंध परत आला. अवतरणाखाली लाल रेघ आणि शेरा: 'उत्तम! समर्पक आधार.' पाच एप्रिलला त्याच्या, शेरा मारण्याआधीच काढून ठेवलेल्या, बेचाळीस प्रती वाटल्या गेल्या.

त्या दुपारी मधल्या सुट्टीत ज्ञानू गुरुजी जिन्यात बसून तुडयेकर पाठ करत होते. गुरुजी आजऱ्याकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं नोकरी झालेली. एम.ए. झाल्याशिवाय त्यांची बढती पुढं सरकत नव्हती. डोळे मिटून, बोटं मोजत ते अवतरण म्हणत होते. "काय लिवलंय बग तुडयेकरानं! एका वाक्यात गाव हुबा केला."

क्रांतीनं आणखी एक आठवडा काढला. बारा एप्रिलला, शेवटच्या रविवारी, ती वर्गात उभी राहिली.

"त्या गावाच्या निबंधातलं अवतरण कुणी लिहू नका. तुडयेकर नावाचा माणूसच नाही. निबंध माझा आहे, नाव मी रचलंय."

सरांनी खडू खाली ठेवला.

"बघा. परीक्षा दहा दिवसांवर आली की असली माणसं उगवतात. तुम्ही लिहू नये आणि हिनं एकटीनं लिहावं."

"सर, तुम्ही वाचलाय का तो निबंध?"

"बस खाली!"

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आमचे तेवढे मार्क पण तुम्हीच घ्या." ज्ञानू गुरुजी सगळ्यात मोठ्यानं बोलले. "एवडं वाईट वाटतंय व्हय गं, आमी पास झालो तर? दाताच्या दवाखान्यात बसून लई इख चढलंय तुला."

क्रांती जिन्यातून उतरली. तिनं पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही.

बावीस एप्रिलला निबंधाचा पेपर झाला. दुसराच प्रश्न बदलत्या गावाचा होता. क्रांतीनं प्रश्नपत्रिका पालथी ठेवली, दोन मिनिटं खिडकीबाहेर बघितलं आणि सरावातलं एकही वाक्य न वापरता उत्तर लिहिलं. चंदगडात पडून राहिलेल्या काजूच्या बागा, बंद झालेली एसटी, कुलूप लागलेल्या घरांच्या किल्ल्या सांभाळणारी एक म्हातारी. अकरा पानं. चार महिन्यांतलं तेच सगळ्यात चांगलं होतं, हे तिला लिहितानाच कळलं होतं.

निकाल अकरा जूनला लागला. तिच्या नावापुढं 'राखीव' असं होतं, म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. वर्गातल्या आणखी सदतीस जणांपुढंही तेच.

परीक्षकानं सदतीस उत्तरपत्रिकांत तुडयेकर वाचले होते, ग्रंथालयात शोधले होते आणि प्रकरण परीक्षेतले गैरप्रकार तपासणाऱ्या, विद्यापीठाच्या प्रमाद समितीकडं दिलं होतं. समितीनं क्लासची झेरॉक्स मिळवली. त्या झेरॉक्समधलं अक्षर अडतिसाव्या उत्तरपत्रिकेत होतं, जिच्यात तुडयेकर नव्हते. समितीच्या पत्रात क्रांतीवर आरोप होता: खोटा मजकूर तयार करून इतरांना पुरवणे आणि स्वतः त्यातून अलिप्त राहणे. सोबत उदयसिंह सरांचा लेखी खुलासा: 'सदर निबंध सदर विद्यार्थिनीने वर्गात परस्पर वाटला. माझा संबंध नाही.' लाल शेऱ्याची मूळ प्रत सरांनी पाच एप्रिललाच 'फाईलला लावतो' म्हणून परत मागून घेतली होती. तिनं ती दिली होती.

गुरुवार, अठरा जून. सुनावणी अकरा वाजता. बाहेरच्या बाकावर क्रांती आणि ज्ञानू गुरुजी, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"गुरुजी, मी सांगितलं होतं ना वर्गात?"

"सांगितलंतंस."

"तेवढंच सांगा आत."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तेवडंच कसं? तू सांगितलंतंस म्हणालो, तर ठावं असून लिवलं असं हुतंय. माझी बढती गेली, समज. बाकीचं छत्तीस जण काय म्हणाय लागलेत, ठाव हाय? 'क्रांतीनं काय बी सांगितलं न्हाय,' असं समद्यांनी म्हणायचं ठरलंय."

"आणि तुम्ही?"

"तुला त्यो तुडयेकर करायची अवदसा कशाला आठवली, ते सांग की आदी! आमी काय केलंतं तुझं?"

"सांगितलं तेव्हा हसला होता तुम्ही," क्रांती म्हणाली.

"आन् तू हसवलंस आमास्नी, साऱ्या जिल्ह्यात."

बारा वाजून चाळीस मिनिटांनी शिपायानं गुरुजींचं नाव पुकारलं. गुरुजींनी टोपी घातली, सारखी केली आणि तिच्याकडं न बघता आत गेले. दार लागलं. आतून एकदा त्यांचा चढलेला आवाज आला, शब्द कळले नाहीत.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांपर्यंत दार उघडलं नव्हतं; गुरुजींनी आत काय सांगितलं, हे बाकावरच्या क्रांतीला अजून ठाऊक नव्हतं.