पहिला मासा पडेपर्यंत

"बाबा, दोरीवर पाय ठेवून राहिले तुमी. सरका थोडे."

भिवाजी दचकून बाजूला झाला. रत्नागिरीचा किनारा मागे पडून बराच वेळ झाला होता. सगळी हयात कन्हान नदीच्या डोहांत जाळं फेकण्यात गेलेल्या या ढिवराला समुद्राने दोनदा उलटी करायला लावली होती. त्याचा पोरगा विशाल मात्र हलत्या बोटीवर घरच्या अंगणात फिरावं तसा फिरत होता.

भिवाजी लोधीखेड्याहून आला होता तो पोराला परत न्यायला. मागच्या वर्षी विशालचं जाळं खडकात अडकून फाटलं, तेव्हा घाटावर चारचौघांत भिवाजी म्हणाला होता, "पाण्यात नको उतरू बाप्पा, माशेई हासून राहिले तुले." पोरगा त्याच संध्याकाळी घर सोडून गेला, तो इथे येऊन खलाशी झाला. दिवाळीलाही घरी आला नाही. फोनवर आईशी बोले, बापाची चौकशीसुद्धा करत नसे. शेवटी इंदूनेच नवऱ्याला गाडीत बसवून दिलं. "चुकलो म्हना अन् घेऊन या," एवढंच ती म्हणाली.

बोट चार दिवस समुद्रात राहणार होती. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, भिवाजीला कोपऱ्यात बसायची परवानगी दिली. चार दिवस पुष्कळ झाले, असं त्याला वाटलं. घाई कशाला? शिवाय त्याच्या घरात बापजाद्यांचा नेम होता: पाण्यावर पहिला मासा जाळ्यात पडेपर्यंत घरचा विषय काढायचा नाही. नेम खरा होता, पण सोयीचाही होता. चुकलो म्हणायची वेळ आली की माणसाला बापजाद्यांचे सगळे नेम आठवतात.

पहिलं जाळं सोडलं आणि थोड्या वेळाने बोटीला हिसका बसला. जाळं बोटीखालच्या पंख्यात गुंडाळलं गेलं होतं. कोणी काही बोलायच्या आत विशाल सुरी घेऊन पाण्यात उतरला. तो पुन्हा वर येईपर्यंत भिवाजीने काठ गच्च धरून ठेवला होता. विशालने जाळं कापून काढलं, पण पंख्याचा दांडा वाकला होता आणि तिथून पाणी आत झिरपायला लागलं होतं. तांडेलाने कपाळावर हात मारला. दुसऱ्या बोटीला बोलावून दोर बांधला आणि ती ही रिकामी बोट ओढत परत निघाली.

विशाल पंपाचा दांडा मारत पाणी उपसत बसला. भिवाजी त्याच्याजवळ जाऊन बसला.

"कुठं शिकला असा बुडी माराले?"

"कन्हानात. तुमीच तं शिकवलं."

हीच वेळ होती. पण जाळ्यात मासा कुठे पडला होता?

किनारा दिसू लागला तसा फोन वाजला. इंदू होती.

"म्हटलं का त्याले?"

"मासाच नाही लागला अजून," तो हळूच म्हणाला.

"मासा लागो का न लागो, तोंड तं हाय न तुमाले."

धक्क्याला लागल्यावर तो बोलणारच होता. पण शेजारची बोट निघायच्या तयारीत होती, तिचा एक खलाशी आजारी पडला होता. तांडेलाने विशालकडे बोट दाखवलं. विशालने ओल्या कपड्यांवरच पिशवी उचलली.

"बाबा, जाऊन राहिलो मी. दहा-बारा दिस लागन. तुमी निघा घरी, आई वाट पाहून राहिली असन." पाऊल उचलता उचलता तो थांबला. "काही म्हनाचं होतं का तुमाले?"

त्याने स्वतःहून विचारलं होतं. भिवाजीने तोंड उघडलं.

"कानाले दुपट्टा बांधत जाय. हवा लागते."

"हो," विशाल म्हणाला. अजून क्षणभर तो बापाच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग उडी मारून बोटीवर गेला.

बोट बंदराच्या तोंडाशी पोचून लहान दिसू लागली, तेव्हा भिवाजी म्हणाला, "माहं चुकलं बापू. घरी चाल."

बाजूला मासळी निवडत बसलेल्या बाईने मान वर केली. "मला बोललात काय?"

"नाही," भिवाजी म्हणाला आणि तिची टोपली सरकवायला जागा व्हावी म्हणून मागे सरकला.