बोरतळ्याची दादर

शालिग्रामला पाखरं हाकलायचं काम मिळालं ते डिसेंबरात. सुरतच्या बमरोलीत लूमवर, यंत्रमागावर, उभं राहून आयुष्य गेलं होतं आणि त्यात कानही गेले होते. साठी उलटल्यावर शेठनं त्याला "हवे आराम करो", आता आराम करा, म्हणून मोकळं केलं. घरी बसून तो सुभद्राबाईला जड व्हायला लागला. ती भांडी घासत असली तरी हा मागं उभा, ती दळण आणायला निघाली तरी हा दारात. मग मुलानं, ललितनं, कुठून तरी बातमी आणली. कामरेजच्या अलीकडे ज्वारीवर संशोधन करणाऱ्यांचं एक शेत होतं. तिथं दाणा भरायच्या दिवसांत राखणीला माणूस हवा होता.

"ऐकू येत नाही तर चालेल का?" शालिग्रामनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"दिसतं ना?" शेतावरच्या रुपालीबेननं मोठ्यानं विचारलं. "पाखरं दिसली की झालं, काका."

रुपाली तिथली शास्त्रज्ञ. वय तिशीच्या आसपास. आईवडील अमळनेरचे, पण तिचा जन्म सुरतचाच, त्यामुळे तिचं मराठी मध्येच गुजरातीत शिरायचं आणि परत यायचं. देशभरातून फार पूर्वी गोळा केलेले ज्वारीचे दोनशे जुने वाण तिनं त्या वर्षी पेरले होते. प्रत्येकाच्या दोन-दोन ओळी, ओळीच्या तोंडाशी लाकडी खुंटी, खुंटीवर आकडा. पेरल्यानंतर एकदाही पाणी द्यायचं नाही आणि जमिनीतली ओल संपत गेली तरी कोण हिरवं राहतं ते बघायचं, असा तो प्रयोग होता.

शालिग्राम सकाळी सातला शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढायचा. चाळीस वर्षांनी हातात धरली तरी गोफण त्याला जमली. दोन दिवस खांदा दुखला, नंतर दुखायचा थांबला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कणसांत जागोजागी पतंगाचा मांजा अडकला होता. तो सोडवत शालिग्राम ओळींमधून चालला होता. एकशे सतराच्या खुंटीपाशी त्याचा हात एका कणसावर थांबला. कणसाची मान खाली वाकून पुन्हा वर आली होती. दाणा टपोरा, मोत्यासारखा, आणि टरफलाच्या बुडाशी जांभळट डाग. त्यानं खालचं पान चुरून वास घेतला. मग ताटाच्या पेऱ्यावर अंगठा फिरवला.

"हाई आपली शे," तो म्हणाला. ऐकायला जवळ कोणी नव्हतं.

दुपारी रुपाली मापं घ्यायला आली तेव्हा त्यानं तिला खुंटीपाशी नेलं. "ताई, ही आमच्या गावची दादर आहे."

"दादर तर आहेच, काका. इथं साठ-सत्तर वाण दादरचेच आहेत. सगळा खानदेश रब्बीला दादर ज्वारीच पेरायचा."

"तसं नाही. आमच्या गावची. बोरतळ्याची."

रुपालीनं खुंटीवरचा आकडा बघितला, मग त्याच्याकडे. "मला स्वतःला आकडा वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत," ती म्हणाली. शालिग्रामला ते नीट ऐकू आलं नसावं. तो कणसाकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सहा कागदी पाकिटं आणली. प्रत्येकात चार-पाच दाणे टरफलासकट होते, आणि पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती माळ्याखालच्या सावलीत बसली आणि पाकिटं त्याच्यापुढं ठेवली. "यातली तुमची कुठली?"

शालिग्रामनं एकेक पाकीट तळहातावर उपडं केलं. दाणा बोटांत फिरवला, नखानं टरफल उचकटलं, नाकाशी नेलं. त्याला बराच वेळ लागला. शेवटी त्यानं दोन पाकिटं बाजूला काढली.

"ही दोन्ही एकच आहेत," तो जरा नाराजीनं म्हणाला. "तुम्ही एकच दोनदा भरलीय."

रुपालीनं मुद्दामच एकशे सतराचे दाणे दोन पाकिटांत घातले होते. तिनं पाकिटांच्या आत बारीक अक्षरांत लिहिलेले आकडे उघडून बघितले आणि ती उठली. "काका, ऑफिसात चला."

ऑफिसात तिनं संगणकावर वाणांची यादी उघडली. एकशे सतरा. गोळा केल्याचं वर्ष एकोणीसशे एक्क्याऐंशी. तिनं वाचून दाखवलं, पण पंखा चालू होता, शालिग्रामला काही कळेना. मग तिनं कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढं धरला.

*गाव: बोरतळे. जमीन: काळी, खोल. बियाणं देणारा: आनंदा सुकलाल.*

शालिग्रामनं कागद हातात घेतला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि तो तिथल्या खुर्चीवर न विचारता बसला.

"ओळखीचे आहेत?" रुपालीनं विचारलं.

"माझा भाऊ."

मग त्यानं तिला सांगितलं. बोरतळे आता नाही. नदीवर धरण झालं आणि गाव पाण्याखाली जाणार हे ठरलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. वर्षभर लोक सामान हलवत होते. शेवटच्या खेपेला आनंदानं त्याच्यावर एकच काम सोपवलं होतं, माळवदाखाली टांगलेलं दादरच्या बियाण्याचं मडकं घेऊन ये. शालिग्रामनं दारं काढली, चौकटी काढल्या, गाय सोडून आणली. मडकं राहिलं. आठवण झाली तेव्हा गाडी तीन कोस पुढं आली होती, आणि दुसऱ्या दिवशी परत गेला तर गल्लीत कमरेएवढं पाणी. घराची मागची भिंत बसली होती.

"ओरडला असता तर बरं झालं असतं," शालिग्राम म्हणाला. "तो काहीच बोलला नाही. त्या वर्षी मी सुरतला आलो. पुढं आई गेली, तेव्हा तेराव्याला जेवताना चार माणसांत म्हणाला, यानं आपलं बियाणं बुडवलं. मी ताटावरून उठलो. त्याला सतरा वर्षं झाली."

रुपालीनं पुन्हा कागद ओढून लिहिलं, *पण बियाणं बुडालं नाही.*

"हो," शालिग्राम म्हणाला. "त्याला हे माहीत नाही. गाव उठायच्या आधी कोणी सरकारी माणूस येऊन दोन कणसं घेऊन गेला असेल. तो विसरला असेल."

त्यानं थोडे दाणे मागितले. भावाला दाखवायला, पाच-सहाच. रुपालीला नाही म्हणणं कठीण गेलं, पण परवानगीशिवाय एक दाणाही शेताबाहेर जात नव्हता. ती म्हणाली, फोटो काढून देते. तिनं कणसाचे, पानाचे, खुंटीचे फोटो काढून ललितच्या फोनवर पाठवले.

घरी सुभद्राबाईनं फोटो लांब धरून बघितले. ती बोरतळ्याच्याच भागातली, पण दुसऱ्या गावची. "फोनवर सांगी दे ना," ती म्हणाली. "जावानी काय गरज?"

"फोनवर मला काय ऐकू येणार तो काय म्हणतो ते?" शालिग्राम म्हणाला. सुभद्राबाईनं मग जास्त वाद घातला नाही. तिनं दशम्या बांधून दिल्या.

उधन्याहून सकाळच्या गाडीनं तो नंदुरबारला उतरला, पुढं काळीपिवळीनं. आनंदा राहायचा ती धरणग्रस्तांची वसाहत टेकडीच्या उतारावर होती. आनंदा ओट्यावर बसला होता. पंचाहत्तरीचा, अंगानं निम्मा झालेला. त्यानं कपाळावर हात धरून बघितलं.

"तू उना?" तो म्हणाला.

"हा, आलो."

"बठ."

पाणी आलं, चहा आला. सुनेनं विचारपूस केली आणि ती आत गेली. शालिग्रामनं ललितकडून मागून आणलेला फोन काढला आणि काही न सांगता भावाच्या हातात दिला. आनंदानं बघितलं. फोटो सरकवायचा कसा ते त्याला कळेना, शालिग्रामनं सरकवून दिला. जांभळट डागाच्या फोटोवर आनंदा थांबला. त्यानं फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"कुठं आहे ही?"

"सुरतला. तूच दिली होतीस, एक्क्याऐंशीला. नाव लिहिलंय तुझं."

आनंदा आठवत राहिला. मग हळूहळू म्हणाला, "जीपमधून आला होता एक. चष्मेवाला. आईनं त्याला हुरडा दिला होता." तो अजून फोनकडेच बघत होता.

शालिग्राम वाट बघत होता. मडक्याबद्दल काही तरी निघेल, त्याला उत्तर द्यायचं त्यानं गाडीत ठरवून ठेवलं होतं. पण आनंदा उठला, काठी घेतली आणि त्याला घरामागच्या जमिनीवर घेऊन गेला. काठीनं त्यानं जमीन उकरली. वीतभर माती, खाली मुरूम. काठीचं टोक खरवडलं.

"बघ," तो भावाच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला. "दादरीला काय लागतं?"

"खोल काळी."

"पावसाची ओल चार महिने धरणारी. इथं पंधरा दिवस टिकत नाही. पहिल्याच वर्षी मी शिंदखेड्याच्या पाहुण्याकडून दादर आणून पेरली होती. गुडघ्याएवढी झाली आणि वाळली. तेव्हाच कळलं मला. तू मडकं आणलं असतंस तरी ती इथं आली नसती." तो थांबला, दम घेतला. "कळूनही मी तुलाच बोलत राहिलो. पाण्याला काय बोलणार होतो?"

शालिग्रामला सगळं ऐकू आलं. त्यानं ठरवून ठेवलेलं उत्तर आता कामाचं नव्हतं. तो खाली बसला आणि उकरलेला मुरूम हातानं सारखा करत राहिला.

"कापायची कधी?" आनंदानं विचारलं.

"पंधरा दिवसांनी."

"मला बघायचीय."

आनंदाला घेऊन यायला नातू तयार झाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो त्याला बमरोलीत सोडून गेला. सुभद्राबाईनं जिन्याखालच्या खोलीत खाट टाकली, कारण आनंदाला वर चढवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ललितनं दोघांना रिक्षानं शेतावर नेलं.

रुपाली वाटच बघत होती. आनंदा खुंट्या ओलांडत एकेक पाऊल टाकत चालला, आणि एकशे सतरापाशी कोणी न सांगता उभा राहिला. आजूबाजूच्या बऱ्याच ओळी खालून पांढऱ्या पडल्या होत्या. या दोन ओळींची खालची पानं अजून हिरवी होती.

"हात लावू का?" त्यानं रुपालीला विचारलं.

"लावा ना, बाबा."

त्यानं कणीस धरलं नाही. ताटाला हात लावला, जमिनीपासून छातीपर्यंत, जसा गुराच्या अंगावरून फिरवतात तसा. मग खाली वाकून मूठभर माती उचलली, दाबली आणि उघडली. ढेकूळ फुटलं नाही. त्यानं ते शालिग्रामला दाखवलं. शालिग्रामनं मान हलवली. आईच्या मागून दोघं वावरात जायचे त्या सकाळी शालिग्रामच्या डोळ्यांपुढं आल्या. तिचा हिरवा पदर कणसांच्या वर दिसायचा आणि मग दिसेनासा व्हायचा. शालिग्राम बघत होता त्याच बाजूला आनंदाही कणसांवरून बघत होता. तिथं फक्त हायवे होता.

"बाबा, अर्ज केला तर थोडं बियाणं तुम्हाला मिळू शकतं," रुपाली म्हणाली. "मी लिहून देते."

"पेरू कुठं?" आनंदा म्हणाला. "इथंच राहू दे, पोरी. इथं तिला जमीन आहे."

तिच्या हातात नोंदींची वही होती. आनंदानं त्यात काय लिहितात ते विचारलं. तिनं दाखवलं, उंची, पानं, दाण्याचं वजन. वाणाच्या नावाच्या रकान्यात नुसतं 'स्थानिक' होतं.

"हिचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

भावांनी एकमेकांकडे बघितलं. "नाव नव्हतं," आनंदा म्हणाला. "गावात दुसरी नव्हतीच. नाव कशाला ठेवायचं?"

रुपालीनं 'स्थानिक'च्या पुढं लिहिलं, *बोरतळ्याची दादर.* आनंदानं तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं.

कापणीला तो थांबला. दोन्ही ओळींची कणसं वेगवेगळ्या पिशव्यांत भरली गेली, पिशव्यांना चिठ्ठ्या बांधल्या गेल्या. आता हे दाणे वाळवून, मोजून थंड कोठारात जातील, रुपालीनं समजावलं.

"मग परत पेराल कधी?"

रुपाली जरा घुटमळली. "कोठारात बियाणं बराच काळ टिकतं, बाबा. उगवण कमी झाली की मगच पेरतात. पंधरा वर्षं, वीस वर्षं."

आनंदानं तिच्याकडे बघून मान डोलवली, जणू पुढच्या आठवड्याबद्दल ऐकलं होतं. शालिग्रामला आकडा ऐकू आला नव्हता. त्यानं भावाला विचारलं. आनंदा त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "पेरतील."

रविवारी शालिग्राम त्याला उधन्याला गाडीत बसवायला गेला. गाडीला उशीर होता. दोघं फलाटावरच्या बाकावर बसले. आनंदा म्हणाला, आपल्या वावराच्या बांधावर सात बोरी होत्या. शालिग्राम म्हणाला, पाच. आनंदानं बोटांवर एकेक बोर सांगायला घेतली, विहिरीजवळची, वाकडी, बांधाच्या टोकाची, आंबट, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आंबटवर शालिग्रामनं त्याला थांबवलं. ती आपली नव्हती, तो म्हणाला, ती शेजारच्यांची. गाडी लागली तरी त्यांचं ठरलं नव्हतं.