मोठ्या काळजाच्या आत्याबाई

माझ्या सासूबाई झुंबरबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, वय बहात्तर, यांच्या छातीचा एक्स-रे सोमाटणे फाट्यावर काढला. काढणारा म्हणाला, "हृदय मोठं दिसतंय. लगेच डॉक्टरांना दाखवा." आमच्या ह्यांना पहिलंच वाक्य ऐकू आलं. दुसरं ऐकायला त्यांना कधीच वेळ नसतो.

आंबीला घरी आल्यावर ह्यांनी फिल्म उन्हात धरली. चुलतसासरे दत्तोबा आबा चष्मा पुसत म्हणाले, "मी म्हनत न्हवतो? वैनीचं काळीज लय मोठं! आता मशिनीतबी दिसलं." ह्यांचे डोळे भरून आले. फिल्मचा फोटो स्टेटसला लागला, खाली 'मोठ्या काळजाची माऊली'. संध्याकाळपर्यंत साठ जणांनी हात जोडले.

मी या काळजाशेजारी बावीस वर्षं काढली. माझ्या भाकरीला त्यात कधी जागा मिळाली नाही. कडा जाड, मीठ कमी, आणि माहेरचं वळणच तसं. मशिनीनं नक्की कुणाचं काळीज पाहिलं, कोण जाणे.

पण आत्याबाईंना आडवं पडवत नव्हतं. पडल्या की दम कोंडायचा. पाय सुजून चपलेत जाईनात. मला भीती वाटायला लागली. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर आबा म्हणाले, "चांगल्या रिपोर्टाला डाक्टर कशाला?" हे म्हणाले, "रविवारी बघू." दोन रविवार त्यांनी बघितले, एक वास्तुशांतीत आणि एक क्रिकेटमध्ये.

सोमवारी कुणाला न विचारता मी रिक्षा बोलावली आणि आत्याबाईंना घेऊन वडगावचा दवाखाना गाठला. हे मागून मोटारसायकलवर आले, तोंड फुगवून.

डॉक्टर शुभदाताईंनी फिल्म दिव्यावर लावली. "निम्म्याहून जास्त छाती हृदयानंच अडवलीय. मोठं म्हणजे चांगलं नव्हे, थकून ताणलंय ते. फुप्फुसात पाणीपण दिसतंय. आजच दाखल करा, अजून उशीर झालेला नाही." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "झोपताना आईंना किती उशा लागतात?"

"एक," हे ठामपणे म्हणाले.

आत्याबाईंनी धापा टाकत माझ्याकडे बोट केलं. "त्याला काय इचारता? हिला इचारा. माझं समदं हिलाच ठावं हाय."

"चार," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

"रडतीस काय?" आत्याबाई म्हणाल्या. "चौथी लय टणक लावतीस, तेबी सांग की!"