सात फुटांचे हात

मंदाकिनीबाईंनी आयुष्यात शाडूचे हजारो गणपती घडवले, पण ओरांगउटान म्हणजे काय हे त्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका छापील कागदावरून कळलं. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं होतं. तिथं एक खोटं झाड उभारायचं होतं आणि त्याला लटकलेलं हे तांबडं वानर. कंपनीतल्या उत्कर्षानं फोटो आणि मापं पाठवली. उंची साडेचार फूट, पसरलेले हात सात फूट.

ऑर्डर एकच, पण तिच्यावर सगळं अडलं होतं. नवरा गेल्यापासून कसबा पेठेतला मूर्तींचा कारखाना बाई एकट्या चालवत होत्या, आणि गाळ्यावर त्यांच्याबरोबर दिराचंही नाव होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला असलेल्या हिंमतरावांना तो गाळा सायबर कॅफेला द्यायचा होता. "गणपती वर्षातून एकदा येतो वहिनी, इंटरनेट रोज येतं," ते म्हणायचे. शेवटी एवढं ठरलं, की कंपनीनं हे वानर पसंत केलं तर कारखाना चालू राहील, नाही तर दिवाळीपासून कॅफे.

बाईंनी मापं वाचून कपाळाला हात लावला. साडेचार फुटांच्या देहाला सात फुटांचे हात? हात पसरले की ते उंचीएवढे भरतात, हे शेंबडं पोरही सांगेल. देवादिकांचे हात गुडघ्याला पोचले तर लोक आजानुबाहू म्हणून पाया पडतात. याचे तर घोट्याला टेकत होते. फोटोत लांब दिसत होते खरे, पण फोटो काय, तिरका काढला की काहीही दिसतं. पोरगी टाइप करताना चुकली असणार. तिची चारचौघांत शोभा नको, म्हणून बाईंनी परस्पर हात साडेचार फुटांचे केले. चूक केली ती केली, वर उपकार केल्याचं समाधानही मानलं.

उत्कर्षा बघायला आली. मूर्ती दोरीनं टांगली.

"काकू, हा तर पीएमटी बसच्या दांड्याला लोंबकळणारा माणूस वाटतोय."

"मापं चुकली होती तुझी. मी सुधारली."

"नाही हो काकू! खरंच सात फूट असतात."

"का पण?"

उत्कर्षाला ते सांगता येईना. तिनं नेटवरून काढलेले कागद उघडले आणि जमेल तसं मराठीत सांगू लागली. झाडावर राहणाऱ्या प्राण्यांत एवढा जड दुसरा नाही. नर ऐंशी किलोच्या घरात जातो, आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. "सोमवारी सर बघायला येणारेत, काकू. होईल ना?"

बाईंनी हो म्हटलं. शरमेनं त्यांचे कान तापले होते, पण त्याहून जास्त तो 'का' छळत होता.

ती गेल्यावर त्यांनी दार लोटलं, पदर खोचला, स्टुलावर चढून माळ्याचा लोखंडी दांडा धरला आणि पाय सोडले. अकरा मोजेपर्यंत बोटं सुटायला लागली. मूठ आवळायला जोर लागतो, आणि जोर संपतो. मग याची कशी टिकते? फोटो पुन्हा पाहिला. बोटं मुळातच वाकडी, मार्केट यार्डातल्या हमालाच्या आकड्यासारखी, आणि अंगठा इतका तोकडा की मध्ये लुडबुडायलाच नको. बाई पुन्हा लटकल्या. या वेळी एक पाय फळीवर टेकवला, तर हातांवरचा बराच भार उतरला. म्हणजे पाय हे याचे आणखी दोन हात! ऐंशी किलोचा गडी एका फांदीवर भरवसा ठेवेल कसा? तीन फांद्यांवर भार वाटायचा आणि चौथी चाचपायची. उडी मारली तर फांदी मोडून कपाळमोक्ष ठरलेला. म्हणून हात एवढा लांब, की खाली न उतरता पलीकडचं झाड गाठता यावं.

"सर्कशीत भरती निघाली का, वहिनी?" दारात हिंमतराव उभे होते.

"निघाली तर तुमचंही नाव देते," बाई लटकूनच म्हणाल्या.

त्यांनी मूर्तीचे हात खांद्यापासून तोडले. नव्या लांब सळया जोडल्या, कागदाचा लगदा चढवला, मांड्या खुब्यातून बाहेर फिरवल्या, पावलांना तळहातासारखी बोटं दिली आणि वर तांबडा ताग चिकटवला. रविवारी दुपारी एक हात आणि दोन पाय दांड्याला अडकवले. चौथा हात दूर हवेत. दोरी नाही, खिळा नाही. बाईंनी भीतभीत आपले हात काढून घेतले, आणि ते राहिलं.

तेवढ्यात हिंमतराव महिपतीला घेऊन आले. हा कॅफे टाकणारा, गाळा मोजायला आला होता. सोमवारपर्यंत थांबायचाही दिरांना धीर नव्हता. दोघांनी टेप ताणली, पण हिंमतरावांची नजर वर अडकली. त्यांनी मोकळ्या हातानं मूर्ती ओढून पाहिली.

"पडत कसं नाही हे?"

बाईंनी बोटं दाखवली, पाय दाखवले. त्यांनी आणखी विचारलं, बाईंनी आणखी सांगितलं.

"आणि झोपतो कुठं?"

"उत्कर्षा सांगत होती, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवा बिछाना करतो. सकाळी सोडून पुढं जातो."

"रोज नवं घर!" हिंमतराव हसले. "बरं आहे. जागा सोडायचं दुःखच नाही बिचाऱ्याला."

"त्याला नाही, भाऊजी," बाई म्हणाल्या. "मला आहे."

हिंमतरावांच्या हातातली टेप सैल पडली.

"साहेब, नीट धरा की तिकडून," महिपती म्हणाला.

हिंमतरावांनी हातातलं टोक सोडून दिलं. टेप सरसरत डबीत गेली.

"उद्या ते सर आले की मला बोलवा, वहिनी," ते म्हणाले. "पडत का नाही, ते मी सांगतो त्यांना."