रफू केलेला पुरावा

मालवाहू ट्रकने माणसाला उडवलं, की त्या माणसापुढे कायद्याचे चार मार्ग खुले होतात, असं भाचीने मामाला सांगितलं. तेव्हा मामाच्या डाव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं आणि त्याच्यापुढे न्हाणीघराचा एकच मार्ग खुला होता, तोही मामीच्या खांद्याला धरून.

मामा रफूवाला. फाटलेल्या कापडाच्याच शिवणीतून धागे काढायचे आणि एक उभा, एक आडवा असे विणत भोक बुजवायचं, हा त्याचा तीस वर्षांचा उद्योग. कपडा न्यायला आलेलं गिऱ्हाईक तो उलटसुलट करून म्हणे, "फाटलं होतं तरी कुठे?" हे वाक्य ऐकलं, की मामाचा तो दिवस सार्थकी लागे. काही चतुर गिऱ्हाइकं हेच वाक्य मजुरी द्यायच्या वेळी पुन्हा म्हणत, ती गोष्ट वेगळी.

या कामाला दिवसाचा उजेड लागतो. म्हणून मामा दुकानाच्या पायरीशी स्टूल टाकून बसे, डावा पाय विटेवर ठेवी आणि कापड गुडघ्यावर ताणून धरी. सुताराचं जसं बाकडं, तसा मामाचा डावा गुडघा. आणि नेमका तोच मोडला.

झालं ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं होतं. समोरच्या दुकानात कपडे धुण्याची यंत्रं उतरवायला आलेला पोपटी रंगाचा ट्रक भर दुपारी गल्लीत मागे घेतला जात होता. त्याच्या मागच्या पायरीचा बोल्ट मामाच्या पॅन्टमध्ये अडकला आणि मामा स्टुलासकट चार हात फरपटत गेला. इस्पितळात नर्स पॅन्ट कापायला कात्री घेऊन आली, तेव्हा गुडघ्याची वाटी दुभंगलेला हा माणूस ओरडला, "बाई, पाय कापा हवं तर, पॅन्टला कात्री लावू नका! लोकरीची आहे!" शेवटी दोन वॉर्डबॉय आणि एक डॉक्टर यांनी मिळून ती अखंड उतरवली. अखंड म्हणजे, एक वीतभर फाटलेली सोडून.

आठव्या दिवशी ट्रक कंपनीचा एक गोड बोलणारा गृहस्थ फुलं, फळं आणि एक कागद घेऊन घरी आला. फुलं मामीला दिली, फळं टेबलावर ठेवली आणि कागद मामाच्या हातात. माझी कंपनीविरुद्ध, तिच्या ट्रकविरुद्ध, ड्रायव्हरविरुद्ध आज किंवा पुढे कधीही कसलीही तक्रार राहणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. बदल्यात प्लास्टरचा खर्च. गृहस्थ इतक्या आपुलकीने पेन उघडून देत होता, की सही केली नाही तर त्याला वाईट वाटेल अशी मामाला काळजी वाटली. सही व्हायचीच, पण मामाला चष्मा सापडेना. तो सापडेपर्यंत भाची येऊन ठेपली.

भाचीला वकील होऊन तीन वर्षं झाली होती. तोवर तिने फक्त शेजाऱ्यांच्या भिंतींची भांडणं चालवली होती. तिने कागद वाचला, पेनला टोपण लावून ते गृहस्थाच्या खिशात खोचलं आणि त्याला दारापर्यंत पोचवलं.

"मामा, नीट ऐक. पहिला मार्ग, हा कागद. सही करायची, फळं खायची, गप्प बसायचं."

"फळं बरी आहेत," मामी म्हणाली.

"दुसरा, कंपनीशी तडजोड, पण सगळे कागद हातात आल्यावर आणि पाय किती बरा होतो ते कळल्यावर. तिसरा, दावा. ट्रकच्या मालकावर, त्याच्या विमा कंपनीवर, आणि माल चुकीचा भरला असेल तर भरणाऱ्यावरसुद्धा. चौथा, पोलिसांची केस, ती आपल्या गतीने चालेल."

"म्हणजे चालणार नाही," मामा म्हणाला. "पण अगं, दावा लावला तर त्या ड्रायव्हरचं काय होईल? त्यानेच उचललं मला. रडत होता बिचारा. शेवटी मीच त्याला पाणी पाज म्हटलं."

"त्याला सोळा तास सलग गाडीवर बसवलं होतं कंपनीने. नोकराने काम करताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची असते."

"मग त्याच्यातर्फेही एक दावा टाक की."

"मामा, आधी तुझा गुडघा!"

गुडघ्याचं म्हणणं डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. वर्षभरात मोठी शस्त्रक्रिया केली तरच तो पुन्हा वाकेल. नाही केली, तर आयुष्यभर पाय लाकडासारखा ताठ, म्हणजे मामाचं बाकडंच गेलं. शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून मामीने डॉक्टरांना विचारलं होतं, की यात दोन्ही गुडघे येतात का. तेव्हा दावा लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कंपनीचं उत्तर महिन्याने आलं. आमचा ट्रक सदर इसमापासून बारा फुटांवर होता. सदर इसम हॉर्नने दचकून आपल्याच स्टुलावरून पडला. त्यामुळे दावा, असल्यास, स्टुलावर लावावा, असं काही लिहिलेलं नव्हतं. पण सूर तोच. साक्ष द्यायला कोणी तयार नव्हतं. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दुकानाची स्वतःचीच पाटी अप्रतिम दिसत होती. ड्रायव्हरला दूरच्या मार्गावर पाठवून दिलं होतं, आणि त्याने दिलेला जबाब इतक्या शुद्ध भाषेत होता, की तो त्याने वाचला तरी असेल का, याची शंका यावी.

भाची मात्र खुशीत घरी आली. "काही हरकत नाही. बोल्टने फाटलेली पॅन्ट आहे ना आपल्याकडे? बारा फुटांवरून पॅन्ट फाटत नाही. काढ मामी."

मामा आणि मामीने एकमेकांकडे पाहिलं. मग मामीने कपाटातून पॅन्ट काढली आणि मामाने ती नवरीची साडी दाखवावी तशी हातावर पसरली.

भाचीने पुढून पाहिली, मागून पाहिली, खिडकीशी नेऊन पाहिली. "ही नाही मामा, ती फाटलेली."

"फाटलं होतं तरी कुठे?" मामा म्हणाला आणि हसला. मग भाचीचा चेहरा पाहून त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"मामा! पुरावा होता तो!"

"अगं, फाटकी पॅन्ट डोळ्यांसमोर आणि मी पलंगावर रिकामा. किती दिवस बघत राहू? तुझ्या आईला विचार, लहानपणी शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरीलासुद्धा रफू केलं होतं मी."

"आणि गुडघा नसताना केलंस कसं?"

"प्लास्टरवर ताणून! असा गुळगुळीत गुडघा देवानेसुद्धा दिला नव्हता."

भाचीने डोकं धरलं. "हे वाक्य कोर्टात बोललास तर मी तुझी भाची नाही."

मामीने फळांची फोड तिच्यापुढे सरकवली. फळं नवीन होती. कंपनीची कधीच संपली होती.

सुनावणी एका लहानशा खोलीत होती. न्यायाधीशबाई समोर, त्यांच्या बाजूला टंकलेखक, आणि पंख्याखालची एकमेव जागा कंपनीच्या वकिलांनी धरलेली. भाचीने सांगितलं, पॅन्ट इथे फाटली होती, ती अर्जदाराने रफू केली आहे. न्यायाधीशबाईंनी पॅन्ट हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. मग भिंग मागवलं.

"मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"आभारी आहे," मामा म्हणाला.

"मामा, खूश होऊ नकोस," भाची कुजबुजली.

कंपनीचे वकील उठले. त्यांनी पॅन्ट दोन बोटांत धरली. "मॅडम, यात दोनच शक्यता. एक, पॅन्ट फाटलीच नव्हती. मग ट्रक लागला नाही. दोन, ती फाटली होती आणि जायबंदी म्हणवणाऱ्या या गृहस्थांनी ती प्लास्टरमध्ये बसून इतकी सुरेख शिवली. मग यांचं काम गेलं कुठे? दोन्हीपैकी कुठलीही निवडा, आमची हरकत नाही."

इकडे आड आणि तिकडे विहीर. भाचीने आपले कागद चाळले. तिने तयारी केली होती ती आडाची. विहीर आत्ताच दिसली.

"रफू उसवून दाखवता येईल?" न्यायाधीशबाईंनी मामाला विचारलं.

"नाही."

"मामा!"

"उसवणार नाही. माझ्या जन्मातलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, मॅडम. बसवलेला दात कोणी दाखवायला उपटतो का?"

"मामा, ऑपरेशन," भाची म्हणाली. पाठीमागच्या बाकावरून मामीने "अहो!" म्हटलं. त्या एका शब्दात बत्तीस वर्षांचा संसार होता, पण मामा ढिम्म.

न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. ते कागदावर टेकलं असतं, तर गुडघ्याचा निकाल तिथेच लागला असता. पण कंपनीच्या वकिलांना एक वाक्य जास्त बोलायची सवय होती. वकिलीत ती फार जणांना असते.

"खरं सांगायचं तर मॅडम, ही पॅन्ट यांनी काल दुकानातून विकत आणलेली दिसते. तयार माल. मशीनचं काम आहे हे, साधं मशीनचं."

मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मशीन?" मामा म्हणाला. "मशीन म्हणालात?"

तो कुबडीवर उठला, ताठ पाय ओढत टेबलाशी गेला आणि कॉलरच्या आत खोचलेली सुई काढली. "तुमच्या मशीनला लोकरीची वीण कळते? हे बघा. हा उभा धागा मोजून घ्या. आता हा आडवा. मशीन धाग्याचा पीळ बघून धागा निवडतं?" बोलता बोलता सुईचं टोक फिरत होतं आणि एकेक धागा सुटत होता. न्यायाधीशबाई उठून वाकल्या. टंकलेखक उठला. दारावरचा शिपाई आत आला. मामीने मात्र डोळे मिटून घेतले होते. ते काम होताना तिने पाहिलं होतं.

वीतभर जखम उघडी पडली. एका टोकाला बोल्टच्या डोक्याएवढं गोल भोक, तिथून खाली ओरबाडत गेलेली रेघ.

"फाटलेल्या कडा कापून टाकल्या असतील ना तुम्ही?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"कडा कापतात ते शिंपी, मॅडम. रफूवाला कडा आत दुमडतो. मूळ धागा टाकायचा नसतो."

दुमडलेल्या कडा त्याने सुईने बाहेर काढल्या. धाग्यांच्या टोकांवर पोपटी रंगाची बारीक खपली वाळून बसली होती. भाचीने धावत जाऊन कंपनीनेच दाखल केलेला ट्रकचा फोटो शेजारी ठेवला. त्यात ट्रक बारा फुटांवर होता, पण रंग अगदी जवळचा होता.

कंपनीचे वकील सावरले. "ठीक आहे. पण मग काम तर यांना येतंच आहे!"

आता भाचीला विहिरीतून वर यायची शिडी दिसली. "मामा, अपघाताच्या आधी एवढं काम करायला तुला किती वेळ लागला असता?"

"एवढं? एक दुपार. चहा धरून."

"आणि हे करायला किती लागला?"

मामाने मान खाली घातली. हे त्याने कोणालाच सांगितलेलं नव्हतं. "एकोणीस दिवस."

"बावीस," मामी मागून म्हणाली. "तीन दिवस नुसते कण्हत होते, ते हे धरत नाहीत. दर अर्ध्या तासाला पाय उचलून मी उशी बदलत होते. आता प्लास्टरही निघालंय. त्या पायावर रुमाल ताणता येत नाही."

न्यायाधीशबाईंनी टंकलेखकाला "बावीस" असं दोनदा सांगितलं.

दुपारच्या सुटीत कंपनीचे वकील फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलले आणि परत येऊन भाचीला म्हणाले, की आमच्या पक्षकारांना तडजोडीत रस आहे. म्हणजे दुसरा मार्ग, फक्त आता कागद भाचीने लिहायचा होता. तिने शस्त्रक्रिया लिहिली, नंतरचा व्यायाम लिहिला, बुडालेलं काम लिहिलं, आणि मामाच्या आग्रहाखातर ड्रायव्हरला नोकरीवरून काढू नये, त्याला पुरेशी झोप मिळेल अशा वेळा द्याव्यात, हेही लिहिलं. शेवटच्या कलमावर कंपनीचे वकील अडले. मामाने टेबलावरची सुई उचलून पुन्हा कॉलरमध्ये खोचली. वकिलांनी तेही कलम मान्य केलं. तसं का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

सह्या झाल्या. मामाने यावेळी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली.

"काही शंका?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"एक आहे. ही पॅन्ट आता कुठे राहणार?"

"अभिलेखात. पुरावा म्हणून. तिला आता हात लावता येणार नाही."

"अशीच? उघडी?" मामाचा चेहरा उतरला. "म्हणजे उद्या कोणी कपाट उघडलं, तर म्हणेल, अमक्या रफूवाल्याचं काम बघा, काय दळभद्री!"

भाचीने छताकडे पाहिलं. न्यायाधीशबाईंनी क्षणभर ओठ घट्ट मिटले, मग टंकलेखकाकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "लिहा. सदर पॅन्टवरील रफू या न्यायालयाने भिंगातून तपासले असता आढळून आले नाही. ते अर्जदाराने न्यायालयासमोर स्वतःच्या हाताने उसवले."

"'स्वखुशीने' घालू का?" टंकलेखकाने विचारलं.

"नको," मामा म्हणाला. "बाकी सगळं खरं आहे."