ताजा म्हणजे किती ताजा?

मी एक जुना ठसा आहे, काच बसवणाऱ्या एका कारागिराच्या उजव्या अंगठ्याचा. माझे वय कोणी विचारू नये, मी सांगणार नाही. आणि मित्रांनो, जे ठशाचे वय छातीठोकपणे सांगतात, त्यांच्यावर माझा मुळीच विश्वास नाही.

माझा जन्म कपाटाच्या काचेवर झाला. कारागिराने ती चौकटीत बसवली, आतून अंगठ्याने नीट दाबली आणि तो निघून गेला. थोडा घाम, थोडे तेल आणि काही वळणदार रेषा, एवढाच माझा संसार. त्या वरच्या कोपऱ्यात फडके कधी पोचले नाही, म्हणून मी टिकलो. आळसाचे उपकार मानणारा माझ्यासारखा दुसरा नसेल.

पुढे त्या कपाटातले दागिने चोरीला गेले. माझ्यावरून काळी पूड फिरली आणि मी उठून दिसलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझे कौतुक झाले.

"काय ठळक आलाय," तपास करणारे साहेब म्हणाले. "ताजाच आहे."

मी कारागिराच्या अंगठ्याशी जुळलो आणि तेवढ्या एका शब्दावर तो कोठडीत गेला. तो काकुळतीला येऊन सांगत होता, "साहेब, काच मीच बसवली, तेव्हाचा असेल तो. नंतर मी त्या घरात पाऊलही टाकलेलं नाही." कौतुक माझे आणि कोठडी त्याला. मला भयंकर राग आला.

चिकटपट्टीला चिकटून मी प्रयोगशाळेत आलो. तिथल्या ठसेतज्ज्ञ बाईंनी मला भिंगाखाली धरले.

"दोन-चार दिवसांचाच आहे, एवढं लिहून द्या," साहेब म्हणाले.

"ठसा त्याचा आहे, हे लिहिते. कधीचा आहे, हे नाही."

"अंदाजे तरी?"

"ऊन, धूळ, ज्याचा त्याचा घाम, सगळ्यावर ते अवलंबून. ही काय भाजी आहे का साहेब, बघून ताजी म्हणायला?"

"वरून विचारणा होतेय, मॅडम."

"होऊ दे. मला कळत नाही ते मी लिहिणार नाही."

दुसरा पुरावा नव्हता. कारागीर सुटला. बाईंचे आभार मानायला आला, तेव्हा तो दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. टेबलाला बोटही लावीना.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"नको मॅडम. आता काच बसवली की पुसूनच निघतो."

मित्रांनो, जे कळत नाही त्याला 'कळत नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण त्या कारागिराचे मला मुळीच पटलेले नाही. काच त्याने उत्तम बसवली होती. तिच्यावर त्याचा अंगठा असायलाच हवा.